आठवी आज्ञा आणि परक्याचे कागदपत्र



आठवी आज्ञा खोट्या साक्षीस मनाई करते, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात लहानपणीच शिकलो. परंतु खरे बोलूनही ही आज्ञा मोडता येते. योग्य कारण नसताना दुसऱ्याचा दोष, तो ठाऊक नसलेल्यांपुढे उघड करणे हेही पाप आहे, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद २४७७) सांगतो.

अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातले एक प्रकरण पाहू. २००२ साली बांधकामावरचा एक कामगार शिडीवरून पडून गंभीर जखमी झाला. त्या देशात राहण्याचा वैध परवाना त्याच्यापाशी नव्हता. त्याने नुकसानभरपाई मागितली, तेव्हा भावी कमाईच्या हिशेबासाठी म्हणून ही गोष्ट ज्यूरीपुढे, म्हणजे नागरिकांतून निवडलेल्या पंचांपुढे, आणली गेली. पंचांनी कंत्राटदाराचा निष्काळजीपणा मान्य केला. पण अपघाताचे कारण तो नव्हे, असे ठरवून कामगाराला रिकाम्या हाती पाठवले. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरसुनावणीचा आदेश दिला. त्या माहितीचा उपयोग थोडा आणि तिने पंचांची मने कलुषित होण्याचा धोका फार मोठा, असे न्यायमूर्तींचे म्हणणे होते.

२०१८ साली तेथे पुराव्याचा नवा नियम आला. पक्षकार वा साक्षीदार यांचा स्थलांतराचा दर्जा आता सहसा पुरावा म्हणून मांडता येत नाही. ज्याला तो आवश्यक वाटतो, त्याने आधी लेखी अर्ज करायचा; न्यायाधीश बंद दाराआड तपासून निर्णय देतात.

मग ही सत्याची लपवाछपवी नव्हे काय? तत्त्वज्ञान येथे एक भेद करते. खोटे कधीच बोलू नये. पण प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगण्याचे बंधन नाही. शिडी पक्की होती की नाही, याचे उत्तर कामगाराच्या पारपत्रात सापडत नाही. उलट, न्यायालयात गेलो तर आपली गोष्ट चव्हाट्यावर येईल या भीतीने मजूर दाद मागत नाही, साक्षीदार पुढे येत नाही आणि अन्याय करणारा मोकळा सुटतो. मिसरात आश्रय घेतलेल्या पवित्र कुटुंबाचे स्मरण करणाऱ्या आपल्याला परक्याचे हे भय समजायला हवे.

या आठवड्यात घरी प्रार्थनेनंतर विचार करू या: दुसऱ्याविषयीची एखादी खरी गोष्ट आपण बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याला तिची गरज असते काय? आणि तिची किंमत कोण मोजतो?