गुडघेदुखी आणि घोरपडीचे तेल

मागील महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. त्यांच्या आईचे वय पासष्ट. दोन्ही गुडघे दुखतात, जिना चढवत नाही, खाली बसले की उठताना आधार लागतो. आठवडी बाजारात एका विक्रेत्याने घोरपडीचे तेल म्हणून बाटली दिली. चार दिवस चोळल्यावर आईला बरे वाटले. आता तोच माणूस म्हणतो, ‘ताजे तेल काढून देतो, सोबत मांस खाऊ घाला, दुखणे मुळापासून जाईल.’ पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘हे बेकायदेशीर आहे असेही ऐकतो. पण आईच्या दुखण्यापुढे कायदा कोण पाहतो?’ प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून आजचा लेख त्यावरच.

प्रथम, चार दिवसांत बरे का वाटले? पासष्टाव्या वर्षी दोन्ही गुडघे असे दुखत असतील तर बहुधा ती सांध्याची झीज असते. हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत अस्तर असते. ते विरळ होत जाते, कडेने हाड वाढते आणि सांधा कुरकुरू लागतो. या दुखण्याचा स्वभाव असा की ते कधी वाढते, कधी आपोआप ओसरते. माणूस औषध शोधायला निघतो तो दुखणे टिपेला पोहोचल्यावर. त्यानंतर काहीही लावले तरी चार दिवसांनी थोडा उतार पडण्याचा संभव असतोच. त्यात कोमट तेलाने पंधरा मिनिटे चोळले की स्नायू सैल पडतात. बऱ्याच बाटल्यांत कापूर, ओव्याचे फूल किंवा गंधपुऱ्याचे तेलही घातलेले असते. त्याने कातडीला गरम-गार वाटते आणि आतले दुखणे काही काळ जाणवत नाही. हा गुण चोळण्याचा व कापराचा आहे, घोरपडीचा नव्हे. तिची चरबी ही चरबीच. इतर प्राण्यांच्या चरबीत असतात तीच स्निग्धाम्ले तिच्यात असतात. या तेलाने झिजलेली कूर्चा भरून येते असे एकाही शास्त्रीय चाचणीत दिसलेले नाही.

मग ही समजूत आली कुठून? सिंहगडाच्या कड्याला चिकटलेल्या घोरपडीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. जिची पकड इतकी घट्ट, तिचे मांस खाल्ले तर आपलीही कंबर घट्ट होईल, असा हा साधा हिशेब असावा. काही वाचक म्हणतील की चरकसंहितेतही ‘गोधा’ म्हणजे घोरपडीच्या मांसाचा उल्लेख आहे. आहे, नाकारत नाही. पण तिथे मांसवर्गात कितीतरी पशुपक्ष्यांची नावे आहेत, आणि त्याच परंपरेने वातविकारांसाठी तिळाच्या तेलाचा गौरव केला आहे. तिळाचे तेल कोमट करून आईच्या गुडघ्याला चोळा. बाटलीने जेवढा आराम दिला तेवढा तेही देईल, आणि वाण्याकडे मिळेल.

याच विक्रेत्यांकडे ‘सांड्याचे तेल’ही असते. सांडा म्हणजे राजस्थान-कच्छकडच्या कोरड्या माळरानावर बिळात राहणारा, काटेरी शेपटीचा, मुख्यतः पाला खाणारा सरडा. तो पळू नये म्हणून त्याचा पाठीचा मणका मोडून ठेवतात आणि गिऱ्हाइकासमोर स्टोव्हवर त्याची चरबी कढवतात. तेल अस्सल आहे हे पटवण्यासाठी जिवंत जनावर लागते! मात्र एका सरड्याच्या पोटातून चरबी निघणार ती किती? बाटल्यांचा ढीग पाहिला तर बहुतेकांत दुसरेच काही तेल असावे असे मला वाटते.

मांसाविषयी तर स्पष्टच सांगतो, देऊ नका. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला जातीचे जंतू सर्रास असतात. अर्धकच्चे मांस किंवा ‘ताकदीसाठी’ प्यायलेले रक्त यांतून जुलाब, ताप आणि म्हाताऱ्या माणसांत रक्तदोषापर्यंत मजल जाऊ शकते. याच जंतूमुळे लहान मुले आजारी पडतात असे दिसल्यावर अमेरिकेने १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. घरात शुभ म्हणून चांदणी कासव ठेवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. ते कासव पाळणे हा गुन्हा तर आहेच.

तेलाहूनही मला भीती वाटते ती सोबत दिल्या जाणाऱ्या पुड्यांची. ‘जडीबुटी’ म्हणून दिलेल्या पुडीत अनेकदा स्टिरॉइडची गोळी कुटून घातलेली असते. दोन दिवसांत रोगी धावू लागतो. काही महिन्यांनी चेहरा गोल होतो, साखर व रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात. आईने अशी पुडी घेतली असेल तर ती एकदम बंद करू नका. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.

आता खरा इलाज. तो कंटाळवाणा आहे, पण उपयोगी आहे. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करावा, मांडीचा स्नायू आवळून दहा अंक मोजावेत, मग सोडावा. असे दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडी बळकट झाली की गुडघ्याचा भार ती उचलते. वजन जास्त असल्यास कमी करावे. एक किलो वजन उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. उकिडवे बसणे टाळावे, शौचासाठी कमोड किंवा तशी खुर्ची वापरावी. काठी घ्यायची असेल तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात घ्यावी. अनेकजण ती चुकीच्या हातात धरतात. वेदनाशामक गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. आणि सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून अधिक काळ आखडत असतील, बोटांचे सांधे सुजत असतील, किंवा एकच गुडघा अचानक लाल, गरम होऊन ताप आला असेल, तर ती झीज नव्हे. आमवात किंवा सांध्यातील जंतुदोष असू शकतो. अशा वेळी तेल चोळत घालवलेला प्रत्येक आठवडा सांध्याला महाग पडतो.

राहिला कायद्याचा प्रश्न. तेल खरोखर गुणकारी असते तर पत्रलेखकाचा पेच अवघड होता. ते तसे नाही, म्हणून पेचही उरत नाही. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे, विकणे, विकत घेणे, तिचे तेल किंवा कातडे जवळ बाळगणे, या सर्वांना तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. विक्रेता बाजार उठला की दिसत नाही, बाटली सापडते ती तुमच्या कपाटात. देवघरातली ‘हातजोडी’ही याच पठडीतली. दुर्मिळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकली जाणारी ही वस्तू म्हणजे नर घोरपडीची वाळवलेली जननेंद्रिये, हे २०१७ साली उघड झाले. कितीजण भक्तिभावाने त्यावर शेंदूर वाहत होते!

शेतकऱ्याने तर या जनावराला जपावे. घोरपड उंदीर, किडे, खेकडे आणि मेलेली जनावरे खाते. वारुळात वीसेक अंडी घालते आणि पिल्ले बाहेर पडायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे मारलेली घोरपड लवकर भरून निघत नाही. गोव्यात घुमटाला पूर्वी हिचेच कातडे लावीत. आता बकरीचे लावतात आणि घुमट वाजतेच. २०१९ साली गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा मान दिला.

पत्रलेखकांना मी कळवले की बाटली पुन्हा आणू नका, आणि तो माणूस ताजे तेल काढून द्यायला आला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. आईंना एक्स-रे काढण्यासाठी घेऊन या असेही लिहिले होते. गेल्या मंगळवारी त्या आल्या. काठी उजव्या हातात होती आणि जास्त दुखत होता तोही उजवाच गुडघा.