दात जुळतात का, हे आधी विचारा

हनुवटीवर आपटलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारायचा तो हाच: दात पूर्वीसारखे जुळतात का? मला तो सुरुवातीला कुणी विचारला नाही. दुचाकी खड्ड्यात गेली, मी तोंडावर आपटलो आणि हनुवटीखाली मोठी खोक पडली. जवळच्या दवाखान्यात जखम धुऊन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. मागच्या दाढा टेकत होत्या, पण पुढचे दात मिटेनात. दोन्ही कानांपुढे ठणका लागला होता. सूज उतरली की होईल बरं, एवढंच सांगण्यात आलं.

पुढे जबड्याच्या सर्जनने ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढला, तेव्हा हनुवटीत एक आणि कानांपुढे एकेक फ्रॅक्चर दिसलं. मार हनुवटीला बसतो, पण त्याचा जोर हाडातून वर चढतो आणि जबडा जिथे बिजागरीसारखा फिरतो तिथली बारीक मान मोडते. म्हणून खोक शिवून काम संपत नाही. दात न जुळणं, खालचा ओठ बधिर होणं, जिभेखाली काळंनिळं पडणं, कानातून रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तरी एक्स-रे काढायचा आग्रह धरा. पडलेला दात सापडत नसेल तर तेही सांगा. तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो.

रस्त्यावर लोक प्रेमाने हनुवटीखालून डोक्यावर पट्टी आवळतात. शुद्धीत असलेल्या माणसाला सैलसर आधार चालतो. घट्ट पट्टीने मोडलेला तुकडा मागे ढकलला जातो. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना मोडलं असेल तर जिभेचा पुढचा आधारच सुटतो आणि उताणं झोपवलं की जीभ घशात पडते. अशा माणसाला पुढे वाकून बसू द्यावं, रक्त-लाळ बाहेर गळू द्यावी. मानेला मार असल्याची शंका असेल, तर मान न वळवता सगळं अंग एकदम कुशीवर करावं.

जबडा स्थिर करायचा म्हणजे हाड नुसतं जोडायचं नाही, चावा परत जुळवायचा. वरच्या दातांना खालच्यांसाठी साचा मानून दोन्ही बांधायचे, ही पद्धत अमेरिकेत गिल्मर यांनी १८८७ साली पुन्हा रूढ केली, आणि आजही पाया तोच आहे. माझ्या वरच्या-खालच्या दातांना आर्च बार, म्हणजे बारीक आकड्यांची धातूची पट्टी, तारांनी बांधली. हनुवटीत टायटॅनियमच्या छोट्या प्लेटा बसवल्या. त्या त्रास देत नसतील तर काढाव्या लागत नाहीत. कानांपुढची हाडं न उघडता रबरांनी चावा धरून ठेवला. प्रत्येकाला प्लेट लागतेच असं नाही, आणि प्लेट बसवली म्हणून रबरं टळतीलच असंही नाही. फ्रॅक्चर कुठे आहे, तुकडे किती सरकलेत, दात किती शिल्लक आहेत, यावर ते ठरतं. हे सगळं ऑपरेशनआधी विचारून घ्या.

तारांनी तोंड बंद करून घरी सोडत असतील, तर वायर कटर घेतल्याशिवाय निघू नका. तो उशाशी टांगलेला हवा, कपाटात नव्हे. वरून खाली जाणाऱ्या नेमक्या कोणत्या तारा तोडायच्या, हे घरातल्या दोघांनी तरी डॉक्टरांसमोर बोट ठेवून पाहून घ्यावं; रबरं असतील तर कात्री पुरते. उलटी आली तर आधी बसून पुढे वाका, पातळ असेल ते दातांच्या फटींतून निघून जातं. श्वास अडकला तर मात्र तारा तोडायला क्षणभरही थांबू नका, त्या पुन्हा बांधता येतात. दारू या काळात पूर्ण बंद. तंबाखूही बंद, तिने हाड जुळायला उशीर होतो.

वजन उतरतं, आणि घरच्यांचा जीव त्यानेच कासावीस होतो. नुसता चहा आणि ज्यूस पुरत नाही. घट्ट वरण मिक्सरमधून काढून गाळून, तूप घालून. नाचणीचं आंबील, दूध, ताक, चालत असेल तर सूप, असं दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं. शेवटच्या दाढेमागच्या फटीतून सिरिंजला लावलेल्या नळीने ते आत जातं. खाल्ल्यावर दर वेळी चूळ, मऊ ब्रश, आणि गालाला टोचणाऱ्या तारेच्या टोकावर मेण.

रबरं निघाल्यावर तोंड उघडायचा व्यायाम दुखला तरी सोडू नका. स्वतःची तीन बोटं उभी मावणं हे ध्येय. लहान मुलांच्या बाबतीत तर हे फारच जपायला हवं. मूल हनुवटीवर पडलं, कानापुढचं हाड मोडलं आणि जबडा हललाच नाही, तर सांधा कायमचा जखडतो आणि हनुवटीची वाढ खुंटते. म्हणून मुलांचा जबडा फार दिवस बांधून ठेवत नाहीत. हनुवटीचे टाके निघाल्यावरही काही महिने, मूल जांभई देताना तोंड पूर्ण उघडतंय का आणि हनुवटी एका बाजूला सरकतेय का, हे आईवडिलांनी पाहत राहावं.