पॉलिथिन : एकच कूळ, निरनिराळे गुणधर्म

ठिबक संचाची उपनळी, आच्छादनाचा मल्चिंग पेपर आणि तुषार सिंचनाचे पाइप या तिन्ही वस्तू एकाच प्लास्टिकपासून, म्हणजे पॉलिथिनपासून बनतात. तरीही त्यांपैकी एकीसाठीचे पॉलिथिन दुसरीला चालत नाही. याचे कारण या पदार्थाच्या इतिहासात सापडते.

शोध आणि उत्पादन

मार्च १९३३ मध्ये इंग्लंडमधील आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट व गिब्सन हे रसायनशास्त्रज्ञ इथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करीत होते. अपेक्षित अभिक्रिया झाली नाही; पात्रात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र आढळला. १९३९ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले व दुसऱ्या महायुद्धात रडारच्या तारांवरील विद्युतरोधक आवरणासाठी तो वापरला गेला. उच्च दाबाच्या या पद्धतीत रेणूंच्या साखळ्यांना फांद्या फुटतात. त्यामुळे साखळ्या दाट बसत नाहीत आणि पदार्थ मऊ व लवचीक राहतो. हे कमी घनतेचे पॉलिथिन होय.

१९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिग्लर यांनी उत्प्रेरकाच्या साहाय्याने कमी दाबात जवळजवळ सरळ साखळ्या तयार केल्या. त्यातून कणखर, उच्च घनतेचे पॉलिथिन मिळाले. भारतात कमी घनतेच्या प्रकाराचे उत्पादन १९५९ मध्ये पश्चिम बंगालमधील रिश्रा येथे, तर उच्च घनतेच्या प्रकाराचे १९६८ मध्ये ठाणे येथे सुरू झाले.

उपयोग

उद्योगात लवचीक प्रकारापासून दुधाच्या पिशव्या व तारांची आवरणे, तर कणखर प्रकारापासून पिंपे, कॅन व पाइप तयार होतात. शेतीतही हीच विभागणी दिसते. गुंडाळता येणारी उपनळी व पातळ आच्छादन यांना लवचीकपणा हवा. तुषार सिंचनाच्या पाइपला दाब सोसण्याची ताकद हवी. शेततळ्याच्या अस्तरासाठी साधारणतः ५०० मायक्रॉन जाडीची फिल्म वापरतात. भाजीपाल्यातील आच्छादन बहुधा २५ ते ३० मायक्रॉनचे असते.

उन्हातील अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात व ते ठिसूळ होते. उपनळीत सुमारे २ ते २.५ टक्के कार्बन ब्लॅक मिसळलेले असते ते याच कारणाने; तो केवळ रंग नव्हे. खरेदी करताना उपनळीवर आयएस १२७८६ व तुषार सिंचनाच्या पाइपवर आयएस १४१५१ हे मानक क्रमांक तपासावेत.

हंगामानंतरची दक्षता

पॉलिथिन मातीत सहजासहजी कुजत नाही. जो टिकाऊपणा नळीत गुण ठरतो, तोच आच्छादनाचे तुकडे शेतात राहिल्यास दोष ठरतो. हे तुकडे मुळांच्या वाढीला व पाण्याच्या निचऱ्याला अडथळा करतात. आच्छादनावरूनच रोटाव्हेटर फिरविणाऱ्या शेतात ते दर हंगामात साचत जातात व पुढे वेचणे अशक्य होते. म्हणून पीक निघताच, फिल्म ठिसूळ होण्यापूर्वी ती सलग गुंडाळून काढावी, माती झटकून कोरडी करावी आणि पुनर्प्रक्रियेसाठी द्यावी. ती बांधावर जाळू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी आच्छादनाच्या प्रात्यक्षिकात फिल्म अंथरण्याइतकेच ती काढण्यालाही स्थान द्यावे.