कीर्तिदालनाचे मानकरी

प्रस्तावना

खेळाडू मैदानावर असतो तोवर त्याचे मूल्यमापन सोपे असते. सामना जिंकला की टाळ्या पडतात, हरला की टीका होते. परंतु तो निवृत्त होऊन अनेक वर्षे लोटली आणि त्याला खेळताना पाहिलेले लोकही विरळ झाले, म्हणजे त्याची थोरवी कशी ठरवायची? निवृत्त खेळाडूंचा कायमस्वरूपी सन्मान व्हावा म्हणून जगात अनेक ठिकाणी ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजेच कीर्तिदालने, स्थापन झाली आहेत. अशा दालनात कोणाला स्थान द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता खेळाचा वाटतो. खोलात गेले की तो न्यायाचा प्रश्न आहे, हे लक्षात येते. प्रस्तुत पाठात फुटबॉलच्या उदाहरणांवरून त्याचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर आपण –
• निवड करण्यापूर्वी निकष का ठरवावे लागतात, ते सांगू शकाल;
• एकाच निकषाच्या मर्यादा उदाहरणांसह स्पष्ट करू शकाल;
• आपले मत कारणांसह, मुद्देसूद मांडू शकाल.

१. सर्जापूर रोडवरील एक भिंत

बेंगळुरू शहरातील सर्जापूर रोड कोरमंगलापासून आग्नेयेकडे सर्जापूर गावाच्या दिशेने जातो. एके काळी तळी, शेते आणि खेडी यांमधून जाणारा हा रस्ता आज संगणक कंपन्या आणि उंच इमारतींनी गजबजला आहे. नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी, बंगाली, तमिळ, मल्याळी कुटुंबे कन्नड शेजाऱ्यांसह येथे राहतात. संध्याकाळी कृत्रिम हिरवळीच्या लहान मैदानांवर मुले फुटबॉल खेळतात. त्यांच्या अंगावरील सदऱ्यांवर बहुधा परदेशी खेळाडूंची नावे असतात.

अशी कल्पना करू या, की येथील एका वसाहतीच्या क्रीडा मंडळाने आपल्या खोलीची एक भिंत निवृत्त भारतीय फुटबॉलपटूंच्या चित्रांसाठी राखून ठेवली आहे. भिंतीवर सहाच चित्रे मावतात. कोणाची लावावीत? पहिल्याच बैठकीत प्रत्येक जण आपापल्या आवडत्या खेळाडूचे नाव पुढे करील आणि बैठक वादात संपेल. म्हणून नावांच्या आधी निकष ठरवणे आवश्यक आहे. निकष आधी ठरला, तर तो सर्वांना सारखा लागू होतो. नाव आधी ठरवून निकष मागाहून शोधला, तर तो त्या नावाच्या मापाचाच शिवला जातो.

२. पुरस्कार आणि आकडे

‘ज्याला मोठा पुरस्कार मिळाला तो थोर’ हा निकष सर्वांत सोयीचा वाटतो. तो नेव्हिल डिसूझा यांना लावून पाहू. मूळ गोमंतकीय असलेले डिसूझा मुंबईत खेळून नावारूपाला आले. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांपैकी तीन गोल एकट्या डिसूझा यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले आशियाई खेळाडू ठरले. त्या स्पर्धेत भारताला चौथे स्थान मिळाले. तरीही अर्जुन पुरस्काराच्या यादीत त्यांचे नाव नाही. हा पुरस्कार १९६१ साली सुरू झाला आणि फुटबॉलमधील पहिला मान प्रदीपकुमार बॅनर्जी यांना लाभला. डिसूझा यांचा सर्वोच्च पराक्रम त्याआधीच घडून गेला होता. त्यांचे १९८० साली निधन झाले. पुरस्कारांची यादी प्रमाण मानली, तर असा खेळाडू भिंतीबाहेरच राहील.

मग गोल मोजावेत काय? या निकषाने डिसूझा आत येतील. परंतु गोव्याचे ब्रह्मानंद शंखवाळकर बाहेर पडतील. ते भारताचे गोलरक्षक आणि कर्णधार होते. गोलरक्षकाचे कर्तृत्व न झालेल्या गोलांत असते आणि न झालेला गोल धावफलकावर दिसत नाही. शंखवाळकर यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ साली पद्मश्री मिळाली. यावरून असे दिसते, की प्रत्येक स्थानावरील खेळाडूला त्या स्थानाच्या कामगिरीने मोजले पाहिजे.

पाठगत प्रश्न १
(अ) नेव्हिल डिसूझा यांना अर्जुन पुरस्काराचा निकष लावणे अन्यायाचे का ठरते?
(आ) ‘न झालेला गोल धावफलकावर दिसत नाही’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.

३. याच शहरातील दोन खेळाडू

आता सर्जापूर रोडच्या मुलांनी आपल्याच शहराकडे पाहावे. बेंगळुरूच्या जुन्या लष्करी छावणीलगतच्या अलसूर, ऑस्टिन टाउन, मर्फी टाउन, गौतमपुरा या वस्त्यांत फुटबॉल पिढ्यान्पिढ्या रुजलेला आहे. तेव्हाच्या म्हैसूर संघाने १९४६-४७ साली बंगालला नमवून संतोष चषक जिंकला. १९६८-६९ पर्यंत या संघाने तो चार वेळा मिळवला. त्यानंतर कर्नाटकाला हा चषक पुन्हा हाती येण्यासाठी २०२३ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

बेंगळुरूचे सारंगपाणी रामन १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये खेळले. ३१ जुलै १९४८ रोजी फ्रान्सविरुद्ध भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी पायांनी मैदानात उतरले. भारताने दोन पेनल्टी दवडल्या आणि सामना १-२ असा गमावला. भारताचा तो एकमेव गोल रामन यांचा होता. स्वतंत्र भारताचा ऑलिंपिक फुटबॉलमधील तो पहिला गोल होय.

याच शहरात जन्मलेले अहमद खान १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिंपिक स्पर्धांत खेळले. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघातही ते होते. कोलकात्याच्या ईस्ट बंगाल संघातील पाच आघाडीवीरांना लोक कौतुकाने ‘पंचपांडव’ म्हणत. अहमद खान त्यांपैकी एक. या संघाने १९४९ ते १९५१ अशी सलग तीन वर्षे आय.एफ.ए. शील्ड जिंकली. १९५२ साली हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा दारुण पराभव केला. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी केला. अहमद खान २०१७ साली बेंगळुरूतच निवर्तले.

भिंतीवर एकच जागा उरली असेल, तर ती कोणाला द्यावी? रामन यांच्या बाजूने इतिहासाचा एक अविस्मरणीय क्षण उभा आहे. अहमद खान यांच्या बाजूने अनेक वर्षांचे सातत्य. एक क्षण ही घटना असते. ती स्मारकाला पात्र असते आणि तिचे स्मरण फलक लावूनही करता येते. कीर्तिदालनातील स्थान हा मात्र संपूर्ण कारकिर्दीचा सन्मान असतो. म्हणून या लेखकाचा कौल अहमद खान यांना आहे. कोणी याच्या उलट मत सकारण मांडले, तर तेही ऐकून घेतले पाहिजे.

४. जगातील अनुभव

आशियाई फुटबॉल महासंघाने २०१४ साली आपले कीर्तिदालन सुरू केले. पहिल्या दहा मानकऱ्यांत भारताचे बायचुंग भुतिया होते. चीनच्या सुन वेन आणि जपानच्या होमारे सावा या दोन महिलाही होत्या. इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने २००२ साली पहिली निवड केली. तीत लिली पार या एकच महिला होत्या. १९२१ साली इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या सदस्य संघांची मैदाने महिलांच्या सामन्यांना बंद केली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. पार यांची बहुतेक कारकीर्द या बंदीच्या काळातच घडली. अधिकृत स्पर्धांचे विक्रम तपासत बसले असते, तर त्यांचे नाव कधीच पुढे आले नसते. आपल्याकडेही शांती मलिक यांना १९८३ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू होत्या. सहा चित्रांत सहाही पुरुष असतील, तर निवड समितीने स्वतःला कारण विचारले पाहिजे.

क्रिकेटकडूनही एक गोष्ट घेण्याजोगी आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या कीर्तिदालनासाठी शेवटच्या आंतरराष्ट्रीय सामन्यानंतर पाच वर्षे जावी लागतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये निवृत्त झालेल्या सचिन तेंडुलकर यांनाही २०१९ पर्यंत थांबावे लागले. निरोपाच्या वेळी भावना उचंबळलेल्या असतात. त्या निवल्यावर तोल साधून विचार करता येतो. मात्र विलंबाचा दुसरा धोकाही आहे. फार उशीर झाला, तर साक्षीदार उरत नाहीत. ज्या काळाची चित्रफीत नाही, त्या काळासाठी जुनी वृत्तपत्रे, संघांच्या नोंदी आणि सहकाऱ्यांच्या आठवणी वेळीच गोळा कराव्या लागतात.

सारांश

खेळाडूला त्याच्या काळात जी संधी आणि साधने उपलब्ध होती, त्यांच्या तुलनेत त्याचे कर्तृत्व मोजावे. निकष आधी ठरवावेत, ते सर्वांना सारखे लावावेत आणि प्रत्येक निवडीचे कारण लिहून ठेवावे. ज्या सदस्याचा उमेदवाराशी नात्याचा किंवा संघाचा संबंध असेल, त्याने त्या वेळी मतदान करू नये. अशी निवड सर्वांना पटेलच असे नाही. पण ती का केली, हे पुढच्या पिढीला समजेल. सर्जापूर रोडवरील मुलाला त्या भिंतीवर अहमद खान यांचे चित्र दिसले आणि ‘हे कोण?’ असा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर चित्राखालीच मिळाले पाहिजे.

शब्दार्थ

निकष – पारख करण्याचे माप; मानकरी – सन्मानाचा अधिकारी; सातत्य – खंड न पडणे; कौल – निर्णय, मत; निवर्तणे – मरण पावणे.

स्वाध्याय

१. पुरस्कार आणि गोलसंख्या या दोन निकषांच्या मर्यादा प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
२. निवृत्तीनंतर काही वर्षे थांबण्याचा एक लाभ व एक तोटा लिहा.
३. ‘सारंगपाणी रामन यांनाच स्थान मिळावे’ या बाजूने आठ ते दहा ओळींत आपले मत मांडा. पाठातील युक्तिवादाला उत्तर द्या.
४. आपल्या गावातील एखाद्या निवृत्त खेळाडूची माहिती वडीलधाऱ्यांकडून मिळवा. त्याच्या चित्राखाली लावण्यासाठी पन्नास शब्दांचा मजकूर तयार करा.