पेटी शिकवा, पण पोट दुखेपर्यंत नको

मागच्या पावसाळ्यात नारायणगावच्या बाजूच्या एका वाडीवरून एक शेतकरी दांपत्य आपल्या नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टरसाहेब, महिना झाला, हिचं पोट दुखतंय. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. काहीच निघत नाही." मी तपासले. वजन ठीक, ताप नाही, शौचाची तक्रार नाही. कुठे दुखते विचारल्यावर तिने बेंबीवर बोट ठेवले. कधी दुखते? आई जरा विचार करून म्हणाली, "मंगळवारी न् शुक्रवारी. चारच्या सुमाराला." त्या दोन दिवशी पाच वाजता पेटीचा क्लास असे.

पोरीला पेटी आवडत नव्हती असे नाही. आजोबांच्या भजनी मंडळातली पेटी ती सहाव्या वर्षापासून कुणी न शिकवता वाजवत होती. ते पाहूनच वडिलांनी क्लास लावला. मग परीक्षेचा फॉर्म भरला, मग स्पर्धेत नाव दिले. घरी रोज तासभर सराव, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. वर्षभरात आवडीची धास्ती झाली आणि धास्ती पोटात उतरली.

पालकांनो, असे दुखणे म्हणजे नाटक नव्हे. आतडी आणि मेंदू मज्जातंतूंनी जोडलेले आहेत. मनावर ताण आला की मुलांना पोटात खरोखर कळ येते. मात्र वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारी कळ, ताप, वारंवार उलटी, शौचातून रक्त यांपैकी काही असेल, किंवा दुखणे बेंबीपासून दूर एकाच जागी असेल, तर ते ताणावर ढकलू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आता पेटीविषयी. शहरात मुले पियानो शिकतात. आपल्या जुन्नर-आंबेगावात पियानो क्वचितच दिसेल, पण पेटी गावोगावच्या मंदिरात आहे आणि कॅसिओही बऱ्याच घरांत आला आहे. तिघांच्या पट्ट्यांची मांडणी एकच : सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. पियानोत पट्टी दाबली की आतली हातोडी तारेवर पडते. पेटीत भात्याची हवा पितळी रीडला कंप देते. पेटी मूळची युरोपातली. १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आपल्या भजनांतून मात्र ती कधी उठली नाही.

"पेटीने मुलगा हुशार होतो का?" असे पालक विचारतात. १९९३ साली अमेरिकेत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना मोझार्टचे संगीत ऐकवून एक प्रयोग झाला. आकृत्या ओळखण्यात त्यांना थोडा फायदा दिसला, तोही दहा-पंधरा मिनिटेच टिकला. २००४ साली टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांवर प्रयोग झाला. वर्षभर कीबोर्ड किंवा गाणे शिकलेल्यांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा दोन-तीन गुणांनी अधिक वाढला. पुढे असे अनेक प्रयोग एकत्र करून काटेकोर तपासले, तेव्हा हा फरक जवळजवळ उरला नाही. तेव्हा गणितात मार्क वाढावेत म्हणून पेटी लावू नका.

मग मिळते काय? एक हात भाता सांभाळतो, दुसरा स्वर शोधतो, कान चूक पकडतो आणि बोट ती दुरुस्त करते. चूक झाली तरी कुणी लाल शाईने खूण करत नाही. आणि एक दिवस घरात रोज ऐकलेली आरती आपल्याच बोटांतून निघते. त्या वेळचा मुलाचा चेहरा एकदा पाहा. टॉनिकच्या बाटलीत ते मिळत नाही.

काही पथ्ये सांगतो.

१) साधारण सहा-सात वर्षांपासून सुरुवात करावी. आधी रोज दहा-पंधरा मिनिटे पुरेत. कंटाळा येण्यापूर्वी थांबावे.

२) मांडी घालून बसल्यावर खांदे वर चढत असतील तर मुलाखाली घडी घातलेले घोंगडे द्यावे. फार वाकावे लागत असेल तर पेटीखाली पाट ठेवावा. भात्याकडे कलून बसण्याची सवय लागू देऊ नये. पेटी उचलण्याचे काम मोठ्यांनीच करावे.

३) नखे कापलेली असावीत. हातात लिंबू धरल्यासारखी बोटे गोलसर असावीत. अनामिका लवकर उचलत नाही म्हणून रागावू नका. तिचे स्नायुबंध शेजारच्या बोटांशी जोडलेले असतात, वेळ लागतोच. मनगट दुखले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर सराव थांबवून दाखवून घ्यावे.

४) कॅसिओला हेडफोन लावला तर आवाज लहान ठेवावा. मुलांसाठी आठवड्याला ४० तास, ७५ डेसिबलपर्यंत ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. यात्रेतल्या डीजेच्या भिंतीजवळ मुलांना उभे करू नका.

५) मुलाला स्वर सापडतच नसेल, टीव्हीचा आवाजही तो मोठा करत असेल, तर कान तपासा. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचून ऐकू कमी येते आणि आपण मुलाला आळशी ठरवतो.

त्या मुलीचे वडील म्हणाले, "मग क्लास बंद करू का?" मी म्हटले, तिलाच विचारा. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "मला आजोबांबरोबर वाजवायचंय." परीक्षा वर्षभर पुढे ढकलली, क्लास आठवड्यातून एकदाच ठेवला आणि संध्याकाळी हरिपाठाला पेटी तिच्याकडे दिली. गोळी एकही लिहून दिली नाही.

दुखणे एका दिवसात गेले नाही. दीड-दोन महिन्यांत हळूहळू कमी झाले. कार्तिकात आई सांगायला आली, "पहाटेच्या काकड्याला तीच पेटीवर असते. आता बापाला उठवते, चला म्हणते, टाळ घ्या."