कोंबडीचं अंग बाहेर आलं तर : घरी काय करावं, काय करू नये



शनिवारची सकाळची शाळा होती. परिपाठ आटोपून मी हजेरी घेत होते. चौथीतली एक मुलगी टेबलाजवळ आली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमच्या कोंबडीचं अंग बाहेर आलंय. काका म्हणतो, उद्या कापून टाकू." मागच्या बाकावरच्या दोघांनी ते ऐकलं आणि फिदीफिदी हसले. मुलीचे डोळे भरलेले होते.

तिच्या आजीकडे चारच कोंबड्या आहेत. अंडी विकून घरातला मीठमिरचीचा खर्च निघतो, आणि या मुलीच्या वह्यासुद्धा त्यातूनच येतात. म्हणजे प्रश्न नुसत्या लाडक्या कोंबडीचा नव्हता. मला मात्र माझं लहानपण आठवलं. आमच्या घरी एका कोंबडीला असंच झालं होतं. मी त्यावर चिमूटभर हळद टाकली आणि संध्याकाळी तिला बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडली. सकाळी दार उघडलं तर इतर कोंबड्यांनी टोचून टोचून तिचं आतडं बाहेर ओढलं होतं. आई रागावली नाही, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोललीही नाही. तेव्हा मी पाचवीत होते. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी हे नेमकं काय असतं ते समजून घेऊ. कोंबडीला मागे एकच दार असतं. विष्ठा, लघवीचा तो पांढरा भाग आणि अंडं, सगळं तिथूनच बाहेर येतं. त्या जागेला पुस्तकी भाषेत अवस्कर म्हणतात. अंडं घालताना अंडनलिकेचं शेवटचं टोक क्षणभर उलटून बाहेर येतं, अंगरख्याची बाही उलटी करावी तसं. त्यामुळे अंड्याला घाण लागत नाही. अंडं पडलं की ते टोक आपोआप आत जातं. म्हणून अंडं घालताना क्षणभर लाल काही दिसलं तर घाबरू नका. पण ते आत न जाता तसंच लोंबत राहिलं, तर तो आजार. गाईम्हशींचं मायांग बाहेर येतं ना, त्यातलाच हा प्रकार.

मी हे वर्गात फळ्यावर आकृती काढूनच सांगितलं. हसणारी मुलं पहिली दोन मिनिटं हसली. मग त्यांच्यातल्याच एकानं विचारलं, "बाई, मग अंडं न् शी एकाच रस्त्यानं येऊनपण अंडं स्वच्छ कसं?" उत्तर फळ्यावरच होतं. आपण लाजलो की मुलं हसतात, असा माझा अनुभव आहे.

आता घरी काय करायचं ते. मधल्या सुट्टीत मी आमच्या भागातल्या पशुवैद्यकीय डॉक्टरांना फोन केला. सोमवारपर्यंत कोंबडी त्यांच्यापर्यंत नेणं शक्य नव्हतं. शाळा सुटल्यावर मी मुलीच्या घरी गेले आणि त्यांनी सांगितलं तसं आम्ही करत गेलो.

सगळ्यात पहिलं काम, इतर कशाच्याही आधी, कोंबडीला वेगळं करणं. लाल ओलं मांस दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथे टोचतात, आणि एकदा रक्त निघालं की थांबत नाहीत. मरण बहुतेक वेळा या टोचण्यानं येतं, मूळ आजारानं नाही. दुसरी शत्रू माशी. उन्हाळ्या-पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून स्वच्छ खोकं किंवा मोठं डालगं घ्या, खाली भुसा न घालता धुतलेलं सुती कापड अंथरा (भुसा त्या ओल्या भागाला चिकटतो), आणि वरून जाळीदार कापड टाका.

मग धुणं. अर्धा लिटर पाणी उकळून कोमट होऊ द्या आणि त्यात सपाट पाऊण छोटा चमचा मीठ विरघळवा. जास्त मीठ घातलं म्हणजे जास्त चांगलं, असं अजिबात नाही, उलट झोंबेल. नखं कापा, साबणानं हात धुवा, हातमोजे असतील तर घाला. कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून डोळे झाकले की शांत होते. एक माणूस धरायला हवाच. धरताना छाती दाबायची नाही. आपल्यासारखा श्वासपटल तिला नसतो, छातीचं हाड हलवूनच ती श्वास घेते. छाती घट्ट आवळली तर उपचार करता करता ती हातातच गुदमरेल. आजींनी तिला मांडीवर असं काही धरलं होतं की मला काही शिकवावंच लागलं नाही.

पाणी ओतत ओतत धुवा, घासू नका. चिकटलेली विष्ठा भिजू द्या, मग आपोआप सुटते.

इथे एक गोष्ट तपासायची: आत अंडं अडकलंय का? पोटाखाली, शेपटीच्या बाजूला हलकेच हात लावला की कडक गोळा लागतो. अंडं आत असताना मांस आत ढकललं तर अंडं फुटून टरफलानं आतून जखम होते. अंडं लागलं तर घरी खटपट करू नका, थेट डॉक्टर. आमच्या कोंबडीनं अंडं आधीच घातलं होतं, ते भलंमोठं होतं, आणि आजींनी फोडून पाहिलं तर दोन बलकांचं निघालं.

धुतल्यावर सूज उतरवायची. त्यासाठी घरातली साखर. ऐकून मुलीचे काका हसलेच, "बाई, कोंबडीला गोड करून खायचीय का?" पण विचार करा, काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातलं की पाणी सुटतं ना? तसंच दाट साखर सुजलेल्या भागातलं पाणी ओढून घेते आणि मांस आक्रसतं. बारीक साखर सगळीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं थांबलो. गोळा मोठ्या लिंबाएवढा होता, तो निम्म्यावर आला. नंतर साखर पूर्ण धुऊन काढा, नाहीतर मुंग्या लागतील.

यानंतर साधी पेट्रोलियम जेली बोटाला आणि त्या भागाला लावून, बोटाच्या पेरानं, मधोमध, अगदी सावकाश आत सारायचं. नख नाही, जोर नाही. आत गेल्यावर तीन-चार मिनिटं बोट तिथेच हलकं टेकवून ठेवा, कारण कोंबडी लगेच कुंथते. पहिल्यांदा आमचं सगळं परत बाहेर आलं. दुसऱ्यांदा राहिलं. जातच नसेल तर हट्ट करू नका, तो भाग ओला आणि झाकलेला ठेवून दवाखाना गाठा.

आता हळद, राख, रॉकेल, तंबाखूचं पाणी, डेटॉल. यातलं काहीही नको. नाजूक ओल्या मांसाला हे भाजतं किंवा कोरडं पाडतं, आणि कोंबडी आणखी कुंथते. माणसांची वेदनाशामक मलमं आणि गोळ्याही आपल्या मनानं द्यायच्या नाहीत, पक्ष्यांना त्या विषारी ठरू शकतात.

आत घातलं म्हणजे काम संपलं असं वाटतं, पण खरी कसोटी पुढे असते. दुसऱ्या दिवशी अंडं आलं की सगळं परत बाहेर. एक अंडं तयार व्हायला साधारण २४ ते २६ तास लागतात, त्यातले वीसेक तास नुसतं कवच बनण्यात जातात. तेव्हा तिचं अंडं घालणं काही दिवस थांबवायला हवं. ते औषधाशिवाय कसं थांबवायचं? उजेड कमी करून. कोंबडीचं शरीर दिवस किती मोठा आहे यावरून अंड्यांचं ठरवतं. उजेड १४ तासांच्या वर गेला की अंडी जोरात येतात, दिवस लहान झाला की कमी होतात. म्हणून तिला रोज आठेक तासच उजेड द्यायचा, बाकी वेळ अंधाऱ्या पण हवेशीर जागी ठेवायचं. पाणी कायम समोर हवं. खाणं हलकं, मका कमी, कोवळा पाला थोडा.

आणि इथेच आम्हाला कारण सापडलं! मी सहज विचारलं, "खुराड्यात रात्री उजेड असतो का?" तर मुंगूस येतं म्हणून काकांनी महिन्यापूर्वी आत एलईडी दिवा लावला होता, रात्रभर चालू. कोंबडी गिरिराज जातीची, पाच महिनेही पुरे झाले नव्हते. अंग पुरतं भरायच्या आतच ही तलंग अंड्यावर आली, त्यात दोन बलकांचं अंडं. काकांचा हेतू चांगला होता, म्हणून मी त्यांना दोष दिला नाही. अति चरबी, कॅल्शियमची कमतरता, वय, हगवण किंवा बद्धकोष्ठामुळे कुंथणं, ही कारणंही असतातच. पण आपल्याकडे खुराड्यात दिवा लावायची पद्धत वाढते आहे, म्हणून हे मुद्दाम सांगते.

मुलीनं मला विचारलं, "बाई, ती जगेल ना?" मी "हो" म्हणाले नाही. म्हटलं, आजची रात्र गेली तर बरं, पण परतही बाहेर येऊ शकतं, आणि काही कोंबड्या यातून वाचत नाहीत. पालकहो, अशा वेळी मुलांना खोटा दिलासा देऊ नये असं माझं मत आहे. तिनं मान हलवली आणि वहीत रकाने आखले: तारीख, पाणी प्यायली का, शी झाली का, लाल दिसलं का.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि टाक्याची गरज नाही म्हणाले. मंगळवारी सकाळी थोडं परत बाहेर आलं, आजींनी एकटीनं धुऊन आत घातलं. त्यानंतर नाही. मांस काळं किंवा करडं पडलं, वास आला, अळ्या दिसल्या, रक्त थांबेना, किंवा दोन-तीनदा आत घालूनही राहिना, तर घरगुती उपचार तिथेच थांबवा. डॉक्टर टाका घालू शकतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. आणि सुधारणेची आशाच नसेल तर तडफडत ठेवण्यापेक्षा तिला वेदनेतून सोडवणं हाही उपचारच आहे, हे मोठ्यांनी स्वीकारावं.

हाताळणीबद्दल एक सांगायचं राहिलं. कोंबड्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात. मुलांनी वही लिहावी, पाणी बदलावं, पण धुण्याचं काम मोठ्यांचं. भांडी वेगळी, हात साबणानं. गावात एकदम बऱ्याच कोंबड्या मरू लागल्या तर मात्र हातच लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला होता, ते आपल्या राज्याला माहीत आहे.

तिसऱ्या आठवड्यात काकांनी स्वतः दिवा काढला आणि खुराड्याला बारीक जाळी ठोकली. कोंबडी हळूहळू बाहेर चरायला लागली. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवला, हवा तेवढा तीच खाते. २३व्या दिवशी अंडं आलं, लहानसं. मुलगी ते रुमालात गुंडाळून शाळेत घेऊन आली आणि विचारलं, "बाई, हे खायचं का?" औषध काहीच दिलेलं नव्हतं, म्हणून मी म्हटलं, खा. कोंबडीला प्रतिजैविक दिलं असतं, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस तिची अंडी खाता आली नसती, विकता तर मुळीच नाही.