भूकंपाचे माप आणि नुकसानीचे माप

भूकंपमापन श्रेणीवर एका अंकाची वाढ झाली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ११ मार्च २०११ रोजी जपानजवळ समुद्रतळाखाली झालेल्या भूकंपाची नोंद ९ होती. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळमधील भूकंपाची ७.८. म्हणजे जपानच्या भूकंपात सुमारे ६० पट ऊर्जा बाहेर पडली. मग त्या देशाला फटकाही अधिक बसला असेल काय? चला, हिशेब करू.

जपानमध्ये सुमारे २१,००० कोटी डॉलर किमतीची मालमत्ता नष्ट झाली; नेपाळमध्ये सुमारे ५०० कोटींची. जपानचे नुकसान ४० पटींहून अधिक! पण जपानचे वार्षिक उत्पन्न १०० रुपये मानले, तर हे नुकसान ३ ते ४ रुपयांचे होते. नेपाळच्या बाबतीत ते २५ रुपयांच्या आसपास जाते. बंद पडलेली दुकाने, न आलेले पर्यटक यांमुळे बुडालेले उत्पन्न मिळवले, तर सुमारे ३३ रुपये! लहान भूकंपाचा भार देशावर कितीतरी जड पडला.

असे का झाले? नेपाळमध्ये सुमारे ५ लाख घरे जमीनदोस्त झाली. त्यांतील बहुतेक दगड, विटा व चिखलाची होती. चिखल वाळला की दगडाला घट्ट धरून ठेवत नाही. जमीन आडवी हलताच भिंत फुटते. १९९३ साली किल्लारी परिसरात अशाच भिंतींनी हजारो माणसे गाडली. जपानमध्ये हादऱ्यांपेक्षा त्सुनामीच्या लाटांनीच अधिक बळी घेतले. तेथील इमारती भूकंप सोसतील अशा बांधण्याचा कायदा आहे.

माणसांच्या प्राणांची किंमत मात्र कोणत्याच हिशेबात बसत नाही. नेपाळमध्ये सुमारे ९,००० माणसे गेली. तो शनिवार, म्हणजे तेथील सुटीचा दिवस होता. हजारो वर्गखोल्या कोसळल्या, तेव्हा त्या रिकाम्या होत्या.

भूकंप आपल्याला थांबवता येत नाही. भिंत मात्र मजबूत करता येते. दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींतून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घराला दोरीसारखा बांधून ठेवतो. तुमच्या शाळेच्या इमारतीत असा पट्टा आहे काय? शिक्षकांना विचारा, गवंड्याला विचारा आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.